बर्कले आणि बोरघाटाचा काळा पाषाण

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात थांबते आणि तिच्या मागे आणखी इंजिने जोडली जातात. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना हा थांबा इतका सवयीचा आहे, की तो बटाटेवडा घेण्यासाठीच ठेवला असावा अशी अनेकांची समजूत दिसते. वास्तविक तो पुढच्या चढासाठी आहे. पळसदरी मागे पडली की लोहमार्ग सह्याद्रीच्या अंगाला भिडतो आणि काही ठिकाणी दर सदतीस फुटांमागे एक फूट उंची गाठतो. रेल्वेच्या हिशेबात हा चढ फारच खडा. तो इतका खडा का ठेवावा लागला, डोंगराची नेमकी कोणती सोंड मार्गासाठी निवडली गेली, बोगदे कोठे आणि पूल कोठे, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे १८५० नंतरच्या काही वर्षांत एका तिशीतल्या अभियंत्याने शोधली. त्याचे नाव जेम्स जॉन बर्कले. बोरघाटातून पहिली गाडी धावली तेव्हा ते हयात नव्हते.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या हॉलोवे भागात झाला. किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते अभियांत्रिकीच्या उमेदवारीत शिरले आणि पुढे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली आले. इंग्लंडमध्ये तो रेल्वेच्या वेडाचा काळ होता. लोहमार्ग, पूल आणि बोगदे यांचे नकाशे काढता काढता एक अख्खी पिढी घडत होती. बर्कले त्याच पिढीतले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार १८४९ च्या ऑगस्टमध्ये झाला. स्टीफन्सन या नव्या कंपनीचे सल्लागार अभियंते होते. मुंबईत राहून काम पाहणाऱ्या मुख्य अभियंत्याच्या जागेसाठी बर्कले यांची निवड झाली आणि १८५० च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले. वय अवघे तीस.

मुंबई-ठाणे मार्गाची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे. १६ एप्रिल १८५३ ची ती गाडी, चौदा डबे, चारशे निमंत्रित, तोफांची सलामी, हे सारे शालेय पुस्तकांतही आले आहे. बर्कले यांच्या दृष्टीने तो सोपा भाग होता. खाड्या आणि दलदल यांचा त्रास झाला, ठाण्यापुढे कल्याणच्या वाटेवर पारसिकच्या डोंगरात बोगदे काढावे लागले. परंतु जमीन सपाट होती. त्या कामात त्यांनी एक गोष्ट हेरली. विलायती कंत्राटदारांइतकेच चोख काम येथले कंत्राटदार करू शकतात, हे जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थाच्या कामावरून त्यांना पटले आणि पुढे त्यांना आणखी कामे मिळत गेली. १८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग कल्याणला पोहोचला. तेथून पुढे सह्याद्रीची भिंत उभी होती.

या भिंतीपलीकडे कंपनीचे खरे लक्ष लागले होते. वऱ्हाड-खानदेशचा आणि दख्खनचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता आणि तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरत होता. बोरघाटातून बैलगाडीचा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला होता. त्याआधीही ही वाट वाहतीच होती. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ या वर्दळीची साक्ष आहेत. बैल चढतो ती वाट मात्र इंजिनाला चढता येत नाही. बर्कले यांच्याआधी कंपनीसाठी पाहणी करणारे जॉर्ज क्लार्क यांनी माळशेज घाटाकडे बोट दाखवले होते. एकच मार्ग माळशेजने वर न्यावा आणि तेथून पूर्वेकडे व दक्षिणेकडे फाटे फोडावेत, अशी ती कल्पना. नकाशावर ती आटोपशीर दिसे. बर्कले यांनी पावसाळे वगळून हंगामामागून हंगाम डोंगर तुडवला आणि ती बाजूला सारली. नाशिककडे जाण्यासाठी थळघाट, पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट, असे दोन स्वतंत्र मार्ग त्यांनी मांडले. एकाऐवजी दोन घाट फोडण्याचा सल्ला देणे हे धाडसच होते. कंपनीचे भागधारक इंग्लंडमध्ये बसून पै-पैचा हिशेब मागत होते.

हा निर्णय समजायचा तर हा डोंगर कशाचा बनला आहे ते पाहिले पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि एकावर एक थर साचत गेले. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि आसपासच्या राज्यांचे मोठे प्रदेश मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या बेसाल्टने व्यापले आहे. थर जवळपास आडवे आणि कडा तुटक्या, म्हणून डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. युरोपातल्या अभ्यासकांनी अशा खडकाला पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ म्हटले. राजमाची, नागफणी, माथेरान, इर्शाळगड, कोणत्याही माथ्याकडे पाहिले तरी कडा आणि सपाटी, पुन्हा कडा आणि पुन्हा सपाटी, असा तोच क्रम दिसतो.

लांबून एकसारखा दिसणारा हा खडक जवळून तसा नाही. प्रत्येक लाव्हा-थराचा गाभा घट्ट, जड आणि कठीण असतो. विहिरी खणणारे त्याला काळा पाषाण म्हणतात. थराच्या माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवी खनिजे भरतात आणि ठिपक्याठिपक्यांचा जो दगड तयार होतो तो मांजऱ्या. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा मातकट पट्टा सापडतो, त्याला गेरूचा थर म्हणतात. काळा पाषाण सुरुंगाला दाद देत नाही, पण एकदा पोखरला की शतकानुशतके तसाच उभा राहतो. मांजऱ्या लवकर फुटतो आणि लवकर झिजतो. गेरूचा थर पाणी लागले की ढिला होतो आणि वरच्या कड्याचा पायाच काढून घेतो. आडव्या थरांच्या डोंगरावर तिरका चढणारा लोहमार्ग हे सारे थर एकामागून एक कापत जातो. म्हणजे चढत्या मार्गावरच्या दोन शेजारच्या बोगद्यांतही दगड सारखाच लागेल याची खात्री देता येत नव्हती.

हे ज्ञान १८५० मध्ये कोणाजवळ तयार स्वरूपात नव्हते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या खडकांवर लिहिलेला निबंध १८३० च्या दशकातला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे लक्ष प्रथम बंगालच्या कोळशाकडे होते. हा लाव्हा पाण्याखाली पसरला की उघड्या जमिनीवर, यावरही तेव्हा एकमत नव्हते. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम भारतात हिंडून आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला तो १८६७ मध्ये. बर्कले भूशास्त्रज्ञ नव्हते. त्यांना डोंगराकडून शिकावे लागले, आणि शिकण्याची किंमत कंपनीच्या पैशांत आणि मजुरांच्या प्राणांत मोजली जाणार होती.

पळसदरीपासून एक लांब सोंड मुख्य कड्याकडे चढत जाते. तिच्या एका अंगाला उल्हास नदीची खोल दरी आणि दुसऱ्या अंगाला खोपोलीचा सखल भाग. ही सोंड हाच बोरघाटाचा मोठा गुण. कड्यावर एकदम चढण्याऐवजी तिच्या उतारावरून मैलोगणती तिरके जाता येत होते, म्हणजे उंची गाठायला लांबी मिळत होती. पळसदरीजवळच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत १,८३१ फूट चढायचे होते आणि त्यासाठी सुमारे पावणेसोळा मैलांचा मार्ग आखला गेला. सर्वांत खडा चढ सदतिसांस एक आला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल. तरीही खंडाळ्याच्या खाली सोंड इतकी अरुंद होते, की गाडीला वळण घ्यायलाच जागा उरत नाही. तेथे बर्कले यांनी रिव्हर्सिंग स्टेशन योजले. गाडी डोंगराच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि मागचा डबा पुढे होऊन उरलेला चढ सुरू होई. वळणाचा प्रश्नच त्यांनी असा मोडीत काढला. थळघाटातही त्यांनी हीच युक्ती वापरली.

बोगद्यांवर त्यांचा भर होता त्यालाही दगडच कारण. इतक्या तीव्र उतारावर नुसता कापून मार्ग काढायचा तर वरचा कडा कायमचा उघडा पडतो आणि पावसाळ्यात खाली येतो. काळ्या पाषाणातून आरपार गेलेला बोगदा मात्र स्वतःच्या बळावर उभा राहतो. घाटातल्या अनेक बोगद्यांना आतून चिरेबंदी अस्तराची गरजही पडली नाही. अडचण होती ती पोखरण्याची. साध्या प्रदेशात लांब बोगद्यावर मधूनमधून उभ्या विहिरी खणून एकाच वेळी अनेक ठिकाणी काम चालवतात. येथे डोंगर इतका उंच आणि कडा इतका उभा, की बहुतेक ठिकाणी दोन तोंडांकडूनच आत शिरावे लागे. तोंडापर्यंत पोहोचणे हीदेखील कसरत होती. आखणी करण्यासाठी आणि सुरुंगाची पहिली भोके पाडण्यासाठी माणसांना कड्यावरून दोराने खाली सोडावे लागे. डायनामाइट तेव्हा जन्माला आले नव्हते. नोबेल यांनी त्याचे पेटंट घेतले १८६७ मध्ये. पहार, घण, छिन्नी आणि काळी दारू, एवढ्या सामग्रीवर पंचवीस बोगदे निघाले.

काळ्या पाषाणाने दिलेली एकमेव संपत्ती म्हणजे तो स्वतः. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत ना कोळसा, ना लोखंड, ना फॉस्फेटसारखे खत-खनिज. रूळ, इंजिने आणि कोळसा इंग्लंडहून जहाजाने येत होता. पूल, मोऱ्या, भिंती यांचा दगड आणि रुळांखालची खडी मात्र डोंगरातूनच निघाली. आजही या दोन तालुक्यांची खाणसंपत्ती म्हणजे मुख्यतः तोच दगड. खडीच्या खाणी आणि क्रशर यांनी अनेक टेकड्यांची अर्धी अंगे खाऊन टाकली आहेत. दगड हवा तेवढा होता, पण तो सांधणारा चांगला चुना बेसाल्टच्या मुलखात दुर्मीळ. नदीनाल्यांच्या काठी मिळणारी चुनखडी भाजून काम भागवावे लागे. ही बाब किरकोळ वाटते, पण पुढे तिने मोठा घोळ घातला.

१८५६ च्या आरंभी बोरघाटाचे काम सुरू झाले; कंत्राट विल्यम फॅव्हिएल यांच्याकडे होते. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकी ते एक. त्याच वर्षी मे महिन्यात पळसदरीहून खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली, आणि १८५८ च्या जूनमध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे. मधला घाट तेवढा उरला. पुढची पाच वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने खंडाळा गाठे आणि पुन्हा गाडीत बसे. त्या वाटेने जाताना त्याला वर डोंगराच्या कुशीत सुरुंगांचे आवाज ऐकू येत असणार.

आवाज करणारी माणसे कोण होती, याचा तपशील रेल्वेच्या अहवालांत फार त्रोटक आहे. काही कोकणातली, काही देशावरची, काही त्याहून दूरची. बायका आणि मुले माती-दगड वाहत. हजारो माणसे कामावर असत आणि १८६१ मध्ये ती संख्या बेचाळीस हजारांपर्यंत गेली. सारी वस्ती डोंगरउतारावरच्या झोपड्यांत. दर पावसाळ्यात बरेचसे काम थांबे, माणसे गावी जात आणि दसऱ्यानंतर पुन्हा भरती करावी लागे. घट्ट बेसाल्ट पाणी धरून ठेवत नाही. जेथे चार महिने धबधबे कोसळतात तेथेच मार्चनंतर झरे आटतात. जे थोडे पाणी उरे ते हजारो माणसांनी वापरलेले. पटकी आली की छावण्याच्या छावण्या रिकाम्या होत. काही पळून गेल्याने, काही मृत्यूने. घाटात हजारो माणसे मेली. त्यांची नावनिशीवार नोंद कोणी ठेवली नाही. बोगद्यांची लांबी यार्डापर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेकडून ही चूक नजरचुकीने झाली, असे म्हणता येणार नाही.

१८५९ हे वर्ष बर्कले यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण असावे. जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली आणि त्यात एक युरोपियन मारला गेला. चौकशी झाली तेव्हा पोटकंत्राटदारांच्या साखळीत मजुरापर्यंत पैसा पोहोचत नव्हता हे उघड झाले. त्यातून १८६० चा मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. मजुरीची तक्रार लवकर ऐकण्याची सोय त्यात होती, आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही. फॅव्हिएल यांनी मार्चमध्ये काम सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनी, म्हणजे बर्कले यांच्याच माणसांनी, ते स्वतः चालवले. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सन वारले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल सपत्नीक आले आणि काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत, ३० नोव्हेंबरला, तेही गेले.

कंत्राट पुन्हा बुडणार अशी सर्वांची अटकळ होती. ट्रेडवेल यांची विधवा पत्नी ॲलिस यांनी ते खोटे ठरवले. परत जाण्याऐवजी त्यांनी नवऱ्याचे कंत्राट पुढे चालवले. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांकडे प्रत्यक्ष व्यवस्था सोपवली आणि कामाने कधी नव्हे असा वेग घेतला. बेचाळीस हजार मजुरांचा आकडा याच काळातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एवढ्या मोठ्या बांधकामाचे कंत्राट एका स्त्रीच्या नावावर असणे ही गोष्ट इंग्लंडमध्येही विरळाच. तिच्यावर स्वतंत्रपणे लिहिले जायला हवे.

बर्कले यांची प्रकृती तोवर ढासळली होती. दहा वर्षे ते मुंबईत होते आणि त्या काळात ठाणे, कल्याण, खोपोली, पुणे असे मार्ग पुरे करताना दोन्ही घाटांची कामे एकाच वेळी त्यांच्या शिरावर होती. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्सपुढे १८६० मध्ये आलेला त्यांचा भारतीय रेल्वेवरील निबंध आजही त्या काळाचे मूळ साधन मानला जातो. त्यात मार्गाची निवड, चढ, दगड, मजूर, कंत्राटे या सर्वांचा हिशेब आहे. स्वतःची बढाई जवळपास नाही. १८६१ मध्ये ते मायदेशी परतले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. वय बेचाळीस. बोरघाटाचे काम तेव्हा अखेरच्या टप्प्यात होते, थळघाटाला आणखी अडीच वर्षे लागायची होती.

१८६३ च्या एप्रिलमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत घाटाच्या मार्गाचे उद्घाटन झाले आणि १४ मेपासून वाहतूक सुरू झाली. जो प्रवास करताना खोपोलीला मुक्काम पडे, तो आता एका दिवसाच्या आत होऊ लागला. थळघाट १८६५ च्या आरंभी खुला झाला.

बोरघाट खुला झाल्यावर चारच वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात खंडाळ्याजवळचा महू की माळी हा कमानींचा पूल कोसळला. पायाखालचा खडक हलला नव्हता. ढासळले होते ते माणसाने रचलेले दगडकाम. निकृष्ट चुना आणि घाईने भरलेली दबर यांचा दोष चौकशीत पुढे आला आणि कंपनीच्या इतर पुलांची तपासणी झाली तेव्हा अनेक पुलांत तीच खोड सापडली. कित्येक पूल नव्याने बांधावे लागले. मुख्य अभियंता म्हणून या दोषातला काही वाटा बर्कले यांच्या पदरी टाकावाच लागतो. देशभरात विखुरलेल्या कामांवर देखरेख करायला त्यांच्याजवळ पुरेशी माणसे नव्हती, हे खरे. पण दगड ओळखण्यात त्यांनी जी कसोशी दाखवली, ती चुन्याच्या बाबतीत टिकली नाही. बोगदे मात्र उभे राहिले.

या बोगद्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. मांजऱ्या दगडाच्या लहान पोकळ्यांत जी खनिजे ठिपक्यांएवढी दिसतात, तीच मोठ्या पोकळ्यांत बोटभर, कधी मूठभर लांबीचे स्फटिक बनून बसलेली असतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली, आणि त्यांच्या सोबतीने येणारे काचेसारखे नितळ अपोफिलाइट. लाव्हा थंड झाल्यावर भेगांतून फिरणाऱ्या गरम पाण्याने बेसाल्टमधली द्रव्ये विरघळवून ती या पोकळ्यांत पुन्हा साचवली. घाटाच्या खोदाईत निघालेले अपोफिलाइटचे स्फटिक युरोपातल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचले आणि खनिजसंग्राहकांच्या जगात पश्चिम भारताचे नाव झाले. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात याच कुळातले नमुने आज पाहायला मिळतात. सुरुंगाने फुटलेल्या दगडातून हे स्फटिक प्रथम वेचणारे हात कोणाचे होते ते सांगता येत नाही. गावकऱ्यांच्या लेखी त्या गारगोट्याच होत्या.

घाटाचे भूशास्त्र नीट उलगडायला मात्र आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. वरून एकसारख्या दिसणाऱ्या थरांची रासायनिक घडण निरनिराळी असते, हे ध्यानी आल्यावर १९८० च्या दशकात सह्याद्रीतल्या लाव्हाची क्रमवार विभागणी करण्यात आली. या विभागांना गावांची नावे मिळाली. खालच्या थरांपैकी एक नेरळ, त्यावर ठाकूरवाडी, मग भीमाशंकर, त्यावर खंडाळा. ठाकूरवाडी म्हणजे घाट चढताना लागणारी तीच जागा. जगभरातले संशोधक डायनासोरांच्या नाशाचा या लाव्हाशी किती संबंध, हा वाद घालताना आज ही नावे घेतात. बर्कले यांचा मार्ग ज्या क्रमाने वर चढतो, त्याच क्रमाने ते थर वाचता येतात.

खडकाचा तो जुना स्वभाव बदललेला नाही. दर पावसाळ्यात घाटात दरडी येतात, मंकी हिलच्या परिसरात रुळांवर धोंडे पडतात आणि गाड्या खोळंबतात. कड्याला अडकलेले सैल दगड शोधून ते पावसाआधी पाडणारी रेल्वेची पथके डोंगरावर फिरत असतात. खालापूर तालुक्यातच, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मृत आणि बेपत्ता मिळून ऐंशीहून अधिक माणसे त्यात गमावली. मजबूत पाषाणाच्या माथ्यावर आणि उतारावर कुजलेल्या खडकाची व मातीची जी जाड साय असते, ती अतिवृष्टीत कशी निसटते, याचे याहून भीषण उदाहरण या भागाच्या अलीकडच्या आठवणीत नाही. बर्कले यांनी उघड्या उतारापेक्षा बोगदा पसंत केला होता, तो याच सायीच्या भीतीने.

त्यांच्या आखणीतले रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवे बोगदे काढून वगळण्यात आले. त्यानंतर विजेची इंजिने आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. बाकीचा मार्ग पुष्कळसा त्यांच्याच आखणीवर आहे. त्यांच्या नावाचे स्थानक मात्र या मार्गावर नाही.

घाटात नाव राहिले आहे ते दुसऱ्याचे. खोपोलीहून वर चढताना जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. शिंग्रोबा हा या डोंगरातला धनगर. साहेबांना घाट चढण्याची वाट सापडेना तेव्हा मेंढरांमागे फिरणाऱ्या या माणसाने ती दाखवली; बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा सांगतात. कथेतली वाट गाडीरस्त्याची की रेल्वेची, याबद्दल सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. दप्तरात तिला आधार शोधणे व्यर्थ आहे. पण माळशेज सोडून बोरघाटाची सोंड निवडणाऱ्या अभियंत्याला उल्हासच्या दरीतल्या पाऊलवाटा कोणीतरी दाखवल्या असणारच, आणि दोराला लोंबकळून काळ्या पाषाणात पहिले भोक पाडणारा माणूसही कोणीतरी होताच. घाट चढणारे ट्रकचालक आजही शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू करतात आणि खिडकीतून एखादे नाणे टाकतात.